मोरीला बोळा: तुमची कोणती काटकसर खरंच पैसे वाचवते?

तिरकी_रेघ

काल रात्री टूथपेस्टची ट्यूब कात्रीने कापून आतली पेस्ट बोटाने निपटून काढत होते. असं केलं की चांगले चार दिवस निघतात. मी अगदी खुशीत असताना नवरा दारातून म्हणाला, "छान चाललंय. गिझर सकाळपासून चालू आहे." मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, हे तो तोंडाने बोलला नाही, पण भुवया बोलल्या.

मग झोप उडाली. मी काय काय करते ते मनात मोजत बसले. साबणाचा उरलेला पातळ तुकडा नव्या वडीला चिकटवते. पिशव्या धुऊन वाळवते. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करते, आत कुणी बसलेलं असलं तरी. रिकाम्या बरण्यांनी एक अख्खं कपाट भरलंय, आणि त्या बरण्यांत काहीही नाही. यातल्या कशाने किती वाचलं, ते मला सांगता येईना.

तर प्रश्न असा: तुमच्या घरातली अशी कोणती सवय आहे जिने खर्च खरोखर उतरला, नुसतं मनाला बरं वाटलं नाही? आकडा देता आला तर उत्तम. आणि कोणती सवय कंटाळून सोडलीत तेही लिहा. पगारातून अमुक टक्के बाजूला काढा छापाचे सल्ले नकोत, ते सगळ्यांना पाठ आहेत.

फुकटफौजदार

मी शेजाऱ्यांच्या वायफायवर हा धागा वाचतोय. हे चालेल का यादीत?

शेंडेफळ

खुर्ची टाकून बसले आहे. बरण्यांबद्दल +१. आमच्याकडे बरणी सापडते तेव्हा झाकण हरवलेलं असतं.

नटबोल्ट

रेघताई, आकडे मागितलेत म्हणून आलो, नाहीतर अशा धाग्यांवर मी फिरकत नाही.

एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण एक तास चालवलं की जाणारी वीज. मोबाइलची बॅटरी साधारण १५ ते २० वॅट-तासांची. रोज शून्यापासून पूर्ण भरली आणि चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरली, तरी अख्ख्या वर्षात आठ-नऊ युनिटांच्या वर जात नाही.

आता आंघोळ. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायची तर अर्ध्या युनिटाला थोडं कमी. रोज एक बादली धरली तर एका माणसाची वर्षाला १७० युनिटं. शॉवर मिनिटाला ९ लिटर सोडत असेल आणि तुम्ही आठ मिनिटं गाणं म्हणत उभे असाल, तर ७२ लिटर. तेवढंच तापवलं तर एका आंघोळीला दीड युनिटाहून जास्त.

म्हणजे मोबाइलचा चार्जर उपटून ठेवायची ज्यांना सवय आहे त्यांनी जरूर ठेवावी, पण शॉवर दोन मिनिटं आधी बंद केला तर आठवड्या-दोन आठवड्यांत मोबाइलचं वर्ष निघतं... थांबा, नीट करतो. दोन मिनिटं म्हणजे १८ लिटर, म्हणजे ०.४२ युनिट. नऊ युनिटांना बावीस दिवस. तीन आठवडे म्हणा.

वीज जिथे उष्णता तयार करते तिथे हात घाला. गिझर, इस्त्री, किटली, कपडे वाळवण्याचं यंत्र, मशीनमध्ये गरम पाण्याचं धुणं. बाकी सगळं चिल्लर. अपवाद एकच, सतत चालणाऱ्या वस्तू. १० वॅटचं खोकं चोवीस तास चालू राहिलं की वर्षाला जवळजवळ ८८ युनिटं खातं. टीव्हीखालचं ते खोकं हात लावून बघा, गरम असेल तर ते जेवतंय.

आणि अजून कुणाकडे जुने तारेचे बल्ब असतील तर ६० वॅटच्या जागी ९ वॅटचा एलईडी साधारण तेवढाच उजेड देतो. रोज पाच तास लागत असेल तर एका बल्बमागे वर्षाला ९३ युनिटं वाचतात.

फुकटफौजदार

नटबोल्टकाका, दिवे घ्या. एलईडीच घ्या.

उंटावरचा_शहाणा

गिझर कायम चालू ठेवलेला परवडतो हे इथे कुणाला माहीत नाही असं दिसतं. थंड पाणी परत परत तापवायला जास्त वीज लागते. आमच्याकडे आठ वर्षं चोवीस तास चालू आहे.

नटबोल्ट

शहाणे, उंटावरून उतरा. टाकीतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा जितकं गरम आणि जितका जास्त वेळ गरम, तितकी उष्णता टाकीच्या अंगातून निसटते. निसटलेली भरून काढायला गिझर मधूनमधून चालू होतो, तो लाल दिवा त्यासाठीच लागतो. पाणी निवून गेलं की गळती थांबते. म्हणून लागेल तेव्हाच लावणं नेहमी स्वस्त. टाकीचं वेष्टण चांगलं असेल तर फरक कमी पडेल, पण उलटा कधीच होणार नाही.

उंटावरचा_शहाणा

बघतो बंद करून. पण आठ वर्षं मी हेच दहा जणांना सांगितलंय, त्यांचं काय करू?

पानगळ

विजेचं मला कळत नाही, सुईदोऱ्याचं कळतं.

माझी आजी चादर मधोमध विरली की टाकत नसे. चादर नेहमी मध्यभागी विरते, कारण आपण तिथे लोळतो. कडा कोऱ्या राहतात. ती चादर लांबीला सरळ दोन तुकड्यांत फाडायची, मग दोन्ही बाहेरच्या कडा आत आणून एकमेकींना शिवायच्या आणि विरलेला भाग बाहेर, गादीखाली खोचायच्या बाजूला. कडेला दुमड घातली की झालं. मध्ये एक शिवण येते, ती पहिले दोन दिवस पाठीला टोचते, नंतर विसरायला होतं. अशी चादर आणखी दोन-तीन वर्षं जाते. त्यानंतर उशीचे अभ्रे, त्यानंतर फडकी, त्यानंतर पायपुसणं.

शर्टाच्या कॉलरचंही तसंच. घडीवर झिजली की उसवायची, उलटी करायची, परत शिवायची. आतली बाजू नवीकोरी असते.

हिशोब मी कधी केला नाही. पण गेल्या सहा वर्षांत चादर विकत घेतलेली नाही.

शेंडेफळ

पानगळ, कॉलरचं हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं! वाचनखूण साठवली. नवऱ्याचे तीन शर्ट उद्याच उसवते.

तिरळे_बाण

मी शेंडेफळचा नवरा. कृपया तिला असे सल्ले देऊ नका. मागच्या वेळी अशाच एका धाग्यानंतर माझ्या पँटची पिशवी झाली होती. पँट चांगली होती.

काटेकोर

धागा छान. वॉशिंग पावडरचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पाकिटावरचा चमचा घाणेरड्या कपड्यांच्या भरलेल्या मशीनसाठी असतो. रोजचे, नुसते घामाचे कपडे असतील तर त्याच्या निम्म्यात काम होतं. पाणी जड असेल तर थोडी जास्त लागते. जास्त घातलेली पावडर कपड्यातून नीट निघत नाही, मग कपडे कडक होतात, मग तुम्ही मऊ करायचं द्रव्य विकत आणता. आमच्याकडे आधी एक डबा महिना जायचा, आता तोच दोन महिने.

शेंडेफळ

पावडरच कशाला? मी साफसफाईचं सगळं घरीच करते. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून बाटलीत भरून ठेवते. ओटा, बेसिन, फरशी, सगळीकडे तेच. घातलं की काय फसफसतं! मस्त निघते घाण.

काटेकोर

शेंडेफळ, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या बाटलीत आता बहुतेक पाणीच आहे. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. दोघं एकमेकांना मारून टाकतात. फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड, मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. त्याने साफ होतं ते तुमच्या हाताच्या जोराने.

वेगवेगळे वापरा, दोन्ही गुणी आहेत. नळावरचे पांढरे डाग, किटलीच्या तळाचा थर हे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर नुसतं व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड. तेलकट, करपलेलं भांडं असेल तर ओल्या सोड्याचा लेप लावून घासा. संगमरवरावर व्हिनेगर कधीही नको, दगड खातं ते.

आणि हे ठळक अक्षरांत समजा: ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल मिसळायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनियासुद्धा एकत्र नाही. घरगुती प्रयोगाच्या उत्साहात दवाखान्याचं बिल यायला नको.

शेंडेफळ

दोन वर्षं मी पाणी शिंपडत होते? पण ओटा स्वच्छ व्हायचा हो!

फुकटफौजदार

पाणीच शिंपडत होतात, तर तुमच्याएवढी काटकसर इथे कुणाचीच नाही.

गणोबा

मी माझा पराक्रम सांगतो. स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता. बायको म्हणाली प्लंबरला बोलाव. मी म्हटलं वॉशर बदलायला कोण प्लंबर लागतो? व्हिडिओ पाहिला, पाना आणला, नळाचं डोकं फिरवलं. व्हिडिओत पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं की आधी मागचा कॉक बंद करा. ते मिनिट मी पुढे ढकललं होतं.

पाणी सरळ छताला. मी अंगठा दाबून धरला, बायको मेन कॉक शोधत घरभर. मेन कॉक कुठे आहे हे त्या घरात नऊ वर्षं राहून आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. सापडेपर्यंत खालच्यांच्या छताला नकाशा उमटला. त्यांच्या छताचा रंग मी भरून दिला.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पण खरं सांगू, त्यानंतर घरातले सगळे नळ मीच दुरुस्त केले. वॉशरचे नळ पाच मिनिटांचं काम आहे. नव्या धर्तीच्या नळांत, जे पाव फेऱ्यात उघडतात, त्यांत वॉशर नसून सिरॅमिकचं कार्ट्रिज असतं, ते अख्खं बदलावं लागतं. आणि गळका नळ किरकोळ समजू नका. रात्री झोपताना नळाखाली पातेलं ठेवलं होतं, सकाळी ओसंडत होतं. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. चार थेंबांचा एक मिलिलिटर धरा, एकवीस-बावीस लिटर. थेंबे थेंबे तळे साचे असं शाळेत शिकवलं, तळं कुणाच्या बिलात साचतं ते नाही शिकवलं.

निवांत_कावळा

गणोबा, मला कुणीतरी सोबती मिळाला.

मी गच्चीत भाजीपाला लावला होता, स्वयंपूर्णतेचं खूळ. कुंड्या, माती, खत, जाळी, एक छोटं फावडं, एक त्याहून छोटं फावडं. पहिल्या हंगामात तीन टोमॅटो आले. तिसरा पक्ष्यांनी खाल्ला, आणि माझं नाव बघता मला तक्रारही करता येत नाही.

आता शहाणा झालोय. फळभाज्यांच्या नादाला लागत नाही. एका वेळी चिमूटभर लागतं पण जुडी विकत घ्यावी लागते आणि उरलेली फ्रिजमध्ये काळी पडते, तेवढंच लावतो. कोवळा पाला, वासाची पानं. खुडली की परत फुटतात. खत घरच्या ओल्या कचऱ्याचं. पहिल्या वेळी डब्याला असा वास सुटला की बोलायची सोय नाही, कारण मी नुसताच ओला कचरा भरत होतो. एक भाग ओला असेल तर दोन-तीन भाग सुका पाला किंवा फाडलेला पुठ्ठा घालायचा, आणि मधूनमधून खालीवर करायचं. वास आला म्हणजे हवा कमी आणि ओल जास्त. त्यानंतर तक्रार नाही.

मधली_आळी

बराच वेळ नुसती वाचतेय. एक विचारते, रागावू नका.

पिशव्या धुऊन वाळवते, चादर फाडून शिवते, खत खालीवर करते, पावडर मोजून घालते. नटबोल्टांनी युनिटं मोजली, गणोबांनी थेंब मोजले. या सगळ्याला लागणारे तास कुणी मोजले? बहुतेक घरांत ते एकाच माणसाचे असतात, आणि तो माणूस कोण ते सांगायला नको. माझी आई आयुष्यभर काटकसरी म्हणून वाखाणली गेली. मला आठवते ती रात्री साडेदहाला फाटके मोजे घेऊन बसलेली. घरात इतर कुणाला सुईत दोरा ओवता येत नव्हता, कारण कुणी कधी ओवलाच नव्हता.

मी आता एवढंच बघते: ही सवय घरातल्या सगळ्यांना पाळता येते का? शॉवर लवकर बंद करणं सगळ्यांना जमतं. मोजे रफू करणं "तिलाच छान जमतं". पहिली ठेवली, दुसरी सोडली. धागाकर्तीने विचारलं होतं ना, कोणती सवय सोडली, हे माझं उत्तर.

पानगळ

मधली, पटलं आणि टोचलंही. मला शिवायला आवडतं, म्हणून मी आजीची गोष्ट गोड करून सांगितली. तिला आवडत होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

तिरळे_बाण

मोजे मी रफू करतो. खरंच. आत बल्ब घालून ताणायचा, मग आडवे-उभे टाके. नटबोल्टांनी काढून टाकायला लावलेले जुने बल्ब त्यासाठी ठेवा.

उंटावरचा_शहाणा

वेळेची किंमत काढायची तर मग सगळंच विकत घ्यावं लागेल. हा धागा वाचण्यात गेलेला तास कशात धरायचा?

फुकटफौजदार

करमणुकीत. आणि ती फुकट झाली. बघा, वाचले पैसे.

काटेकोर

मधलींच्या मुद्द्याला धरूनच, ज्यात कुणाचाच वेळ जात नाही अशा काही गोष्टी. भांड्यावर झाकण. कडधान्य रात्री भिजवणं, शिजायचा वेळ बराच कमी होतो. कुकरमध्ये एकदा दाब आला की आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास ठरून जातं, त्यानंतर मोठी आंच ठेवून काहीही लवकर शिजत नाही, नुसती वाफ उडते. बारीक करा.

फ्रिज ४ अंशांवर, फ्रीझर उणे १८ वर. त्याहून थंड ठेवून काही साधत नाही. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा, सहज निघून आला तर रबर गेलंय. आधी नुसतं पुसून बघा, पुष्कळदा चिकट मळच असतो.

आणि सगळ्यात जास्त पैसे जातात ते टाकलेल्या अन्नात, असा माझा अनुभव. पाकिटावर "बेस्ट बिफोर" असेल तर ती चवीची, दर्जाची तारीख. त्यानंतर वास-रूप बघून ठरवता येतं. "यूज बाय" असेल तर ती सुरक्षिततेची, तिथे शहाणपणा करू नये. आमच्या घरात ह्या दोन्हींत फरक आहे हे कळेपर्यंत कित्येक चांगली पाकिटं कचऱ्यात गेली.

शेंडेफळ

एकावर एक फुकट हा प्रकार मी त्यात घालीन. दुसरं नेहमी सडतं. आता मी पाकिटाची किंमत बघतच नाही, किलोला किती पडतं ते मोबाइलवर भागून बघते. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त असतंच असं नाही! दोनदा तर मोठंच महाग निघालं.

तिरकी_रेघ

परत आले. महिना झाला. धागा इतका वाढेल असं वाटलं नव्हतं.

मी काय केलं ते सांगते. नटबोल्टांचं वाचून वहीत रोज सकाळी मीटरचं रीडिंग लिहायला लागले. पहिला आठवडा काहीच बदललं नाही, नुसतं लिहिलं. दुसऱ्या आठवड्यापासून गिझर आंघोळीआधी पंधरा मिनिटं लावायचा आणि बादली भरली की बंद. बाकी सगळं आधीसारखं. रोजची साडेनऊ युनिटं होती, ती साडेसातच्या घरात आली. टीव्हीखालचं खोकं गरम लागलं, तेही आता रात्री बंद असतं. त्याने किती फरक पडला ते वेगळं कळत नाही.

मधली, तुझ्या प्रतिसादानंतर पिशव्या धुणं थांबवलं. कापडी दोन दाराला टांगून ठेवल्यात. विसरणारा परत घरी येऊन घेऊन जातो, हा नियम. नवरा तीनदा परत आला, मी एकदा.

बरण्या दिल्या. अकरा ठेवल्या, झाकणं असलेल्या.

ट्यूब मात्र अजून कापते. त्याने काहीही वाचत नाही हे मान्य आहे. कात्री लावल्यावर आत केवढी निघते ते बघायला मला आवडतं, बस.

नटबोल्ट

दिवसाला दोन युनिटं म्हणजे वर्षाला सातशेच्या पुढे. घरात माणसं किती? आणि थंडी संपली का मधल्या काळात? तसं असेल तर गिझरला सगळं श्रेय देऊ नका, नळाचं पाणीच कमी गार येत असेल.

तिरकी_रेघ

माणसं चार. आणि हो, हवा जरा बदललीय. ते ध्यानात आलं नव्हतं. वही पुढच्या थंडीपर्यंत चालू ठेवते.

उंटावरचा_शहाणा

आमचाही बंद केला गेल्या आठवड्यात. बायको म्हणाली, आठ वर्षं हेच सांगत होते.

गणोबा

नवीन सभासदाने व्यक्तिगत निरोपातून विचारलंय, इथेच उत्तर देतो म्हणजे सगळ्यांना उपयोग. वॉशरचं माप कसं ओळखायचं? ओळखायचं नाही. जुना काढून खिशात घालायचा आणि दुकानदाराला दाखवायचा. पण त्याआधी कॉक बंद करायचा.